एक लिटर पाण्याची शिल्लक

साखरेच्या पाण्यात दिवा लागला नाही, तिथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. तो लागायचा नव्हताच, पुस्तकात तसंच छापलेलं आहे. पण आमचं कडा हे साखर कारखान्याचं गाव. साखर एखाद्या कामात मागे पडते हे इथे कुणाच्या गळी उतरत नाही. शेजारचे आप्पाराव आमच्या ओट्यावर उकिडवे बसून पेल्यात डोकावत होते.

"अजून दोन चमचे टाक की पोरी," ते म्हणाले. "कमी गोड झालं असंल."

संस्कृती म्हणजे माझी मुलगी, नववीत आहे. तिने मान वर न करता सांगितलं, "आबा, गोडीचा संबंध न्हाई. मीठ पाण्यात गेलं की त्याचे आयन सुटे होतात, ते वीज नेतात. साखरेचे होत न्हाईत."

"सुटे कोण करतं त्यांना?"

"पाणी."

"मंग साखरेला कावून सुटं करत न्हाई? पाणी त्येच, पेला त्योच."

आप्पाराव वीज कंपनीत पस्तीस वर्षं वायरमन होते. खांबावर चढताना त्यांनी विजेला असले प्रश्न विचारले नसावेत, विचारले असते तर आज ओट्यावर दिसले नसते. पण प्रश्न मला आवडला. शेचाळीस वर्षं मी मीठ आणि साखर शेजारशेजारच्या डब्यांतून खात आलो आणि दोघांच्या स्वभावात एवढा फरक असेल अशी मला शंकाही आली नव्हती. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून एक कोरी नोंदवही आणली.

मी आष्टीला पाटबंधारे खात्यात आवक-जावक लिपिक आहे. आमच्या ऑफिसात पाणी सोडून सगळ्याची आवक होते. कुठलीही गोष्ट नोंदल्याशिवाय घडली असं मी मानत नाही. म्हणून संस्कृतीच्या प्रयोगाला मी रीतसर रकाने आखून दिले: तारीख, द्रव, कोणी आणले, दिवा लागला किंवा नाही, मीटरवरचा आकडा, शेरा, सही. ती म्हणाली, "बाबा, सही कशाला?" मी म्हणालो, "उद्या कुणी विचारलं तर?" हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा वापरलं आहे. ते माझ्यावरच उलटेल असं कधी वाटलं नव्हतं.

प्रयोगाचं सामान साधं होतं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, थर्माकोलच्या तुकड्यात शेजारी शेजारी खोचलेले स्टीलचे दोन चमचे, एक काचेचा पेला आणि द्रवातून किती वीज गेली ते आकड्यात दाखवणारा आप्पारावांचा जुना मीटर. चमचे द्रवात बुडवायचे. द्रवातून वीज गेली तर दिवा लागतो, नाही गेली तर नाही. आमच्या सौभाग्यवती वनमालाबाईंनी चमचे देताना "आठ दिवसांनी परत पाहिजेत" असं बजावलं होतं. ते चमचे आजतागायत थर्माकोलातच आहेत.

आष्टीच्या तालुका विज्ञान प्रदर्शनाला शाळेकडून एकच प्रयोग जाणार होता. संस्कृतीला तिथे जायचं होतं. हे तिने तोंडाने कधी सांगितलं नाही, पण प्रदर्शनाची तारीख तिने कॅलेंडरवर इतक्या बारीक अक्षरात लिहिली होती की मला चष्मा लावून वाचावी लागली. ज्या गोष्टीची फार आस असते ती ही पोरगी बारीक अक्षरात लिहिते.

तिच्या विज्ञानाच्या मोहिनी मॅडमनी एक अट घातली होती. प्रत्येक द्रवानंतर चमचे आणि पेला डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा. कारण आमच्या गावच्या नुसत्या बोअरच्या पाण्यातही दिवा ढणढणीत लागतो. साखरेचा तो प्रयोगही संस्कृतीने मॅडमनी दिलेल्या पेलाभर डिस्टिल्ड पाण्यात केला होता. सहाशे फुटांवरून येताना ते पाणी वाटेत भेटेल ते क्षार बरोबर घेऊन येतं, लग्नाला निघालेल्या टेम्पोसारखं. डिस्टिल्ड पाण्यात असं कुणी नसतं. स्टँडजवळ भागवतचं बॅटरीचं दुकान आहे, तिथून मी ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ती एक लिटरची बाटली आणली. पहिल्या दिवशी त्यात दिवा लागला नाही. मीटर: ०.०४. शेरा: उत्तम.

कामाची वाटणी झाली. प्रयोग संस्कृतीने करायचे, पुढच्या पानांवर आकडे तिने लिहायचे. ती सात वाजता शिकवणीला गेली की आवरासावर माझी, आणि मागच्या पानांवर साठ्याची नोंद माझी.

इथे आमच्या घराची एक रीत सांगणं भाग आहे. ग्रामपंचायतीचा नळ आमच्या गल्लीत बाराव्या दिवशी येतो, आणि तोही आला तर. त्यामुळे आमच्या घरात पाण्याला सेवानिवृत्ती नाही, फक्त बदली आहे. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला जातं. कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. माझ्या आईने एकदा पाहुण्याने अर्धा पेला पाणी उष्टं टाकलं म्हणून त्याच्या मुलीचं स्थळ परत पाठवलं होतं. आणि इथे तर विकतचं पाणी, सीलबंद, शुद्ध. नुसते दोन चमचे धुवायचे आणि ओतून द्यायचं? माझ्याच्याने ते झालं नाही. डोळ्यांना ते नितळ दिसत होतं. मी धोतराच्या दुहेरी फडक्यातून ते गाळलं आणि पुन्हा बाटलीत भरलं. मागच्या पानावर नोंद केली: दिवसभराच्या धुण्यासाठी काढले १०० मिली, परत जमा १०० मिली, शिल्लक १००० मिली. खाली सही. इतकी स्वच्छ शिल्लक मी आमच्या ऑफिसात पाहिलेली नाही.

पुढचे दिवस मजेचे गेले. ताकात दिवा लागला, चहात मंद लागला, लिंबात चांगला लागला, गोडेतेलात नाही. मला तर चटकच लागली. जेवताना आमटी दिसली की ही किती दाखवेल असा विचार यायचा. एकदा वनमालाबाईंनी मला पानातलं वरण पेल्यात काढताना पाहून माझ्या मनगटावर पळी मारली. संस्कृतीने तेही वहीत लिहिलं. शेरा: नमुना मिळाला नाही.

चौथ्या दिवशी तिने वर्गात प्रयोग करून दाखवला. आधी मिठाचं पाणी: दिवा लागला, टाळ्या. मग डिस्टिल्ड पाणी: दिवा पुन्हा लागला. बारीक, पण लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "शुद्ध पाणी बी चावतंय बे." वर्ग हसला. मोहिनी मॅडम हसल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं.

"संस्कृती," त्या म्हणाल्या, "शुद्ध पाण्यात दिवा लागत असेल तर कशात काय लागलं याला अर्थच उरत नाही. कारण शोधून काढ. पुढच्या शुक्रवारपर्यंत. नाहीतर मला ज्वालामुखी पाठवावा लागेल."

ज्वालामुखी म्हणजे मातीच्या डोंगरात खायचा सोडा आणि व्हिनेगर. तो दर वर्षी फुटतो आणि दर वर्षी उत्तेजनार्थ येतो. आपली पोरगी सोड्याच्या फेसापुढे हरणार हे माझ्यातल्या बापाला आणि लिपिकाला, दोघांनाही सहन होण्यासारखं नव्हतं.

आता सगळी गल्ली कामाला लागली. आप्पारावांनी सगळं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. "भाऊसाहेब, अर्थिंग न्हाई तुमच्यात."

"आप्पाराव, ही बॅटरी आहे. नऊ व्होल्टची."

"व्होल्ट कितीबी असू द्या. अर्थिंग न्हाई म्हणजे न्हाई. चार फुटाचा खड्डा घ्या, मीठ-कोळसा भरा, तांब्याची तार सोडा."

मी विरोध केला, पण फार नाही. पस्तीस वर्षांचा अनुभव आणि पहार घेऊन समोर उभा राहिलेला माणूस तोंडाने अडवता येत नाही. कढीपत्त्याच्या शेजारी खड्डा झाला. दिवा होता तसाच लागला. कढीपत्ता मात्र मिठाने आठवड्यात माना टाकू लागला.

संस्कृतीने चमचे बदलून पाहिले, पेला बदलला, बॅटरी नवी घातली, तारा पुन्हा जोडल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा लिहायचा. मी तिला म्हणालो, "सगळं एकदम बदलून टाक ना." ती म्हणाली, "मंग दुरुस्त झालं तरी कशानं झालं ते कसं कळंल?" आमच्या खात्यात पंधरा वर्षं हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

तोवर बाहेर वेगळंच सुरू झालं होतं. भाऊसाहेबांच्या ओट्यावर पाणी तपासून मिळतं, अशी बातमी पसरली. बायडाबाई तांब्या घेऊन आल्या. त्यांच्या आणि आप्पारावांच्या बोअरचं जुनं वैर आहे. दोन्ही एकाच वर्षी घेतले आणि कुणाचं पाणी सरस यावर दोन्ही घरांची तेव्हापासून बोलचाल मोजकीच आहे. आप्पारावांच्या पाण्यात दिवा बायडाबाईंच्या पाण्यापेक्षा लख्ख लागला.

"बघा," आप्पाराव म्हणाले, "आमच्या पाण्यात पावर हाय."

"पावर न्हाई, खार हाय," बायडाबाई म्हणाल्या. "त्येनंच तुमचे केस गेले."

संस्कृतीने नोंद केली, शेरा लिहिला आणि दोघांच्याही सह्या घेतल्या.

मग जीवन आला. जीवनचा पाण्याच्या जारचा धंदा आहे, ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून घरोघर जार टाकतो. त्याच्या जारच्या पाण्याचा आकडा आला ०.७. आमच्या डिस्टिल्ड पाण्याचा त्या दिवशीचा आकडा होता १.१. जीवनने दोन्ही आकडे शांतपणे वाचले, फोनवर फोटो काढला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीवर पाटी होती: "डिस्टिल्डपेक्षा शुद्ध, विज्ञानाने सिद्ध". खाली बारीक अक्षरात माझं नाव, हुद्द्यासकट. सरकारी नोकराचं नाव जाहिरातीत आलं म्हणून आमच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं. मी म्हणालो, चौकशी सुरू आहे.

आता माझ्या मते गुन्हेगार एकच उरला होता. मी तडक भागवतच्या दुकानात गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी बाटली काउंटरवर ठेवली.

"काय बे भागवत, डिस्टिल्ड म्हणून बोअरचं पाणी भरतोस का?"

भागवतने हातातला पाना खाली ठेवला. "भाऊसाहेब, ह्या पाण्यावर गावातले तीस ट्रॅक्टर चालत्यात. दिवा लागला म्हणून अजून कुणी तक्रार घेऊन आलं नव्हतं."

गिऱ्हाइकं हसली. त्याने आतून एक नवी सीलबंद बाटली काढून पुढे केली. "ही न्या. लागला दिवा तर मी शटर वढतो. मोजा तरी."

"मी पुरावा विकत घेत नसतो," मी म्हणालो आणि आमचीच बाटली उचलून बाहेर पडलो. वाक्य दमदार होतं. स्टँड ओलांडेपर्यंत मला त्याचा अर्थ मात्र लागला नाही.

बुधवारी प्रदर्शनाचा अर्ज भरायची शेवटची तारीख होती. आष्टीच्या शिक्षण कार्यालयातला लिपिक अर्ज उलटा करून बघत म्हणाला, "निष्कर्षाचा रकाना रिकामा आहे."

"प्रयोग अजून चालू आहे."

"ते बरोबर आहे, पण रकाना रिकामा चालत नाही."

"निष्कर्षच निघाला नाही तर लिहू काय?"

"‘यशस्वी’ लिहा. सगळे तेच लिहितात."

तो आवाज मला ओळखीचा वाटला. नंतर लक्षात आलं, तो माझाच होता. रोज दहा ते सहा मी असाच बोलतो. अर्ज शुक्रवारपर्यंत बाजूला ठेवण्याची मी त्याला विनंती केली. "तुम्ही आपल्यातलेच," म्हणून त्याने ठेवला. आपल्यातला असण्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी सुटी टाकून घरी होतो. संस्कृती ओट्यावर वही घेऊन बसली होती. तिने डिस्टिल्ड पाण्याच्या रोजच्या आकड्यांचा आलेख काढला होता. रेघ रोज वर चढत होती. फक्त एका ठिकाणी ती आडवी होती.

"बाबा, रविवारी तुमी कुठं होतात?"

"बीडला. ऑफिसातल्या एकाच्या साखरपुड्याला गेलतो. का?"

"रविवारी आठ नमुने केले तरी सोमवारी आकडा वाढला न्हाई." तिने रेघेच्या आडव्या भागावर बोट ठेवलं. "आई, रविवारी चमचे धुतलेलं पाणी काय केलं?"

वनमालाबाई आतून म्हणाल्या, "कढीपत्त्याला घातलं. कावून?"

"काही न्हाई." तिने वही फिरवून मागचं पान उघडलं. ती पानं तिने तोवर पाहिली नव्हती. ती बराच वेळ वाचत होती. मग तिने बाटली उचलून उजेडात धरली. "बाबा, चाळीस वेळा धुतलं. बाटली अजून जवळजवळ भरलेली कशी?"

मला अजून काही उमगलं नव्हतं. उलट अभिमान वाटला. "नोंद आहे ना. काढलं तेवढं परत जमा. एक थेंब वाया घालवला नाही. दुहेरी फडक्यातून गाळून."

"फडक्यात मीठ अडकतं का?"

मी फडकं आणून उजेडात धरलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या वनमालाबाईंनी मला मदत केली. "अवो, चहा गाळल्यावर साखर गाळणीत राहती का?"

वीस वर्षं मी रोज दोनदा चहा गाळलेला पाहिला आहे. गाळणीत राहिलेली साखर कधी पाहिली नाही, आणि तिची आठवणही कधी झाली नाही. ताक, मीठ, लिंबू, आप्पारावांची पावर, बायडाबाईंचा खार, सगळं चमच्यांना चिकटून थोडं थोडं त्या बाटलीत गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी त्याखाली सही केली होती. गुन्हेगाराने स्वतःच्या हाताने तारीखवार जबाब लिहून दिल्याचं हे प्रकरण मी दुसऱ्याच्या बाबतीत वाचलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

संस्कृती रागावेल असं वाटलं. ती आलेखाकडे पाहत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता. "बाबा, रोज किती नमुने ते पुढं लिहिलंय. परत किती ओतलं ते मागं लिहिलंय. दोन्ही जुळवलं तर..." तिने पेन्सिल उचलली. पुढचा एक तास मी घरात आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर ती एकटीच भागवतच्या दुकानात जाऊन ती सीलबंद बाटली घेऊन आली. मीटर: ०.०३. दिवा गप्प.

शुक्रवारी मी शाळेत वर्गाच्या दाराशी उभा राहिलो. संस्कृतीने टेबलावर तीन पेले मांडले. तिन्ही सारखेच नितळ. पहिल्यात नवं डिस्टिल्ड पाणी: दिवा नाही. दुसऱ्यात मिठाचं: लख्ख. तिसऱ्यात आमच्या बाटलीतलं: दिवा लागला. मग तिने आलेख उघडला आणि सांगितलं की कुठल्या दिवशी काय धुतलं गेलं, किती परत ओतलं गेलं आणि आकडा किती चढला. मिठाच्या दिवशी उडी, तेलाच्या दिवशी जवळजवळ काही नाही, रविवारी आडवी रेघ.

मोहिनी मॅडमनी वही हातात घेतली. पुढचं पान, मागचं पान, पुन्हा पुढचं. "इतकी तपशीलवार नोंद मी बीएस्सीलाही पाहिली नव्हती," त्या म्हणाल्या. "हे पाणी रोज परत ओतलं कुणी?"

संस्कृतीने माझ्याकडे पाहिलं नाही. "त्याच्याखाली सही हाय, मॅडम."

मॅडमनी सही वाचली, मग दाराकडे पाहिलं. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार. मागच्या बाकावरून परत तोच आवाज आला, "काका, वही लई भारी." ते कौतुक होतं की काय, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

ज्वालामुखी या वर्षी शाळेतच राहिला. अर्जातल्या निष्कर्षाच्या रकान्यात संस्कृतीने सांगितलं ते मी लिहिलं: "फडक्यातून मीठ गाळले जात नाही." तिथल्या लिपिकाने दोनदा वाचलं. "‘यशस्वी’ लिहायचं नाही?" मी म्हणालो, नाही. त्याने शिक्का मारला, पण मी आपल्यातला राहिलो नाही, हे त्याच्या नजरेत स्पष्ट दिसलं.

भागवतची माफी मी गिऱ्हाइकं नसताना मागायला गेलो होतो. तो म्हणाला, "जरा थांबा भाऊसाहेब," आणि चार गिऱ्हाइकं जमेपर्यंत त्याने मला बाकावर बसवून चहा पाजला. मग माफी ऐकून घेतली. जीवनने पाटी बदलली नाही, फक्त माझं नाव खोडून आप्पारावांचं घातलं. आप्पाराव खूश आहेत.

उरली ती बाटली. आठशे ऐंशी मिली, गावातल्या सगळ्या बोअरचा आणि ताकाचा अंश असलेली. संस्कृती म्हणाली, "बाबा, टाका आता." मी नाल्याशी गेलो, झाकण काढलं, बाटली कलती केली आणि हात थांबला. वनमालाबाई मागून म्हणाल्या, "तिकडं कुठं? संडासाच्या बादलीत टाका." मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

नंतर मी वही उघडली. मागच्या पानावर लिहिलं: जावक ८८० मिली, शिल्लक निरंक. सही करायला गेलो तर शेऱ्याचा रकाना आधीच भरलेला होता, संस्कृतीच्या अक्षरात. फार बारीक लिहिलं होतं, चष्मा लावावा लागला.

"बाबांनी वही ठेवली म्हणून सापडलं."